‘पसरणे’ला दुसरे शब्द सुचवा ना!

निळाई

नमस्कार मंडळी. एक कथा लिहिते आहे. तिचा पहिला परिच्छेद काल रात्री मोठ्यांदा वाचून पाहिला आणि थबकले. तो असा:

“पूर्वेला तांबूस उजेड पसरला. नदीवर धुकं पसरलं होतं. पाराभोवती बकुळीचा वास पसरला होता. वडाच्या सावल्या लांबवर पसरल्या होत्या. सदा पारावर पाय पसरून बसला होता. तेवढ्यात गावात बातमी पसरली.”

सहा वाक्यं आणि सहाही वेळा ‘पसरणे’! लिहिताना एकदाही लक्षात आलं नाही. मग कोश उघडला. विस्तारणे, फैलावणे, विखुरणे, पांगणे असे शब्द मिळाले. एकेक बसवून पाहिला. “नदीवर धुकं विखुरलं” हे कसंतरीच वाटतं. “बकुळीचा वास फैलावला” म्हटलं की रोगाची साथ आठवते. “बातमी विस्तारली” तर कुणीच म्हणणार नाही. समानार्थी शब्द आहेत ना हे? मग एकाच्या जागी दुसरा का चालत नाही? जाणकारांनी मदत करा.

टिंब

शब्दांचं नंतर बघू. धुकं असताना, सूर्य वर यायच्या आधी, वडाची सावली कुठून आली?

निळाई

@टिंब, बरोबर आहे. सावल्यांचं वाक्य काढलं. सहाचे पाच झाले, आभार. :)

रानवाट

वास दरवळतो. उजेड फाकतो. नाहीतर सरळ “तांबडं फुटलं” लिही, त्यात पहाट, रंग, उजेड सगळं आलं. पाय पसरून ऐवजी पाय ताणून किंवा पाय लांब करून. बातमीला मात्र पसरणंच शोभतं.

कोरा कागद

माझं मत थोडं वेगळं आहे. एक शब्द पुन्हा आला की तो दोष, हे आपल्या डोक्यात शाळेतल्या निबंधापासून बसलंय. ‘पसरणे’ साधा, कामाचा, कुणालाही कळणारा शब्द आहे. तो टाळायचा म्हणून जड शब्द आणले की वाचणारा अडखळतो. “प्रभा विलसली” वगैरे वाचलं की मी पान उलटतो. पाच वेळा आला तर येऊ दे.

निळाई

@कोरा कागद, जड शब्द मलाही नकोत. पण मोठ्यांदा वाचताना ते खरंच टोचत होतं. ठरवून केलेली पुनरुक्ती आणि नकळत झालेली पुनरुक्ती यात फरक आहे ना?

बांधावरून

शेतातली माणसं हा शब्द फार कमी वापरतात, कारण प्रत्येक पसरण्याला वेगळं नाव आहे. बी मुठीनं उडवून पेरलं तर ते फोकलं. शेणखताचे ढीग रानात आणून टाकले आणि मग सगळीकडे सारखे केले तर खत विस्कटलं. तण माजतं. पीक चांगलं लागलं की फोफावतं. गुरं पांगतात. पाणी बांध फोडून रानात शिरतं. धान्य उन्हात घालतात किंवा वाळत टाकतात, आणि पोत्यातून निसटलं तर सांडतं.

सांगायचं काय, तर निळाईताई, आधी काय पसरलं ते बघा. क्रियापद त्याच्या मागोमाग येतं.

अधलीमधली

बांधावरूनदादांचा प्रतिसाद फार आवडला. वाचनखूण साठवली.

माझी भर: कागद वाईट असला की शाई ‘फुटते’. काजळ ‘फिसकटतं’. पाण्यावर तेलाचा ‘तवंग येतो’. भिंतीला ‘ओल धरते’. विष अंगात ‘भिनतं’. जखम ‘चिघळते’ आणि मग ‘चरत जाते’. यातलं प्रत्येक खरं तर पसरणंच आहे, पण पसरणे म्हटलं की अर्धी माहिती गळून जाते. “विष अंगात पसरलं” यात विष कुठवर गेलं ते कळतं. “भिनलं” म्हटलं की आता ते वेगळं काढता येणार नाही, हेही कळतं.

मोरपंखी

आणि पिसारा पसरत नाही, फुलतो!

जुनं पान

अनेक वर्षं संस्कृत शिकवते आहे, म्हणून मुळाकडून थोडं सांगते. जरा लांबेल, सांभाळून घ्या.

‘पसरणे’ आलं प्र + सृ या धातूवरून. सृ म्हणजे जाणे, सरकणे, वाहणे. मराठीतलं सरणे, सरकणे त्याच कुळातलं, सरिताही. ‘अंथरणे’ आलं आ + स्तृ वरून. स्तृ म्हणजे जमिनीवर घालणे, आच्छादणे, गवत वगैरे पसरून टाकणे. विस्तार, विस्तीर्ण, विस्तृत ही स्तृची लेकरं. तिसरा धातू तन्, म्हणजे ताणणे. त्याच्यापासून ताण, तंतू, गाण्यातली तान, मांडव या अर्थाचा वितान आणि पिढ्यांचा धागा पुढे ताणणारी संतती. ‘सतत’ आणि ‘सातत्य’ही तिथलेच, म्हणजे न तुटता ताणलेलं. चौथा प्रथ्, रुंद होणे. त्याच्यावरून पृथ्वी, म्हणजे पसरलेली, रुंद अशी ती. ‘प्रथितयश’ लेखक म्हणजे ज्याचं यश पसरलं आहे तो.

आता “अंथरूण पाहून पाय पसरावे” ही म्हण घ्या. लहानपणापासून ऐकतो आपण ती. त्यात अंथरूण स्तृचं आणि पसरणं सृचं. एकाच ओळीत दोन वेगळे धातू आहेत आणि दोघांचा स्वभाव अगदी उघड दिसतो. अंथरूण आपलं आपण अंथरलं जात नाही, कुणीतरी ते अंथरावं लागतं. पाय मात्र आपोआप पसरतात, म्हणून तर आवरा असं सांगावं लागतं!

सृमध्ये गती त्या वस्तूची स्वतःची आहे. पाणी, आग, बातमी, रोग हे सगळे आपल्या पायांनी जातात. स्तृमध्ये कुणाचा तरी हात लागतो. माझ्या मते निळाईच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथे आहे.

सुटसुटीत

वा! म्हणून “आग अंथरली” होत नाही.

रानवाट

पण “अंगणात प्राजक्ताचा सडा अंथरला होता” असं लिहितात की. तिथे कुणाचा हात?

जुनं पान

@रानवाट, छान पकडलंस. म्हणूनच ते वाक्य नुसतं वर्णन राहत नाही. ‘अंथरला’ म्हटलं की रात्री कुणीतरी येऊन तो घालून गेलं असं मनात येतं. “सडा पडला होता” यात ते येत नाही. ती जादू क्रियापदाची आहे.

व्याकरणवेडी

मूळ प्रश्नाला लागूनच एक प्रश्न. पसरणे की पसरवणे? “तिने चटई पसरली” बरोबर. “तिने अफवा पसरली” चूक, तिथे “पसरवली”च हवं. दोन्हीकडे कर्ता आहे, कर्म आहे, मग फरक का? जुनं पान यांचं वाचून वाटलं की उत्तर तिथेच असावं. चटई शेवटपर्यंत माझ्या हातात असते, म्हणून मी ती पसरते. अफवा मी फक्त सोडून देते, पुढे ती स्वतः जाते. म्हणजे मी तिला पसरायला लावते, म्हणून प्रयोजक ‘पसरवणे’. या हिशोबाने “चादर पसरवली” हे मला खटकतं.

अनवट

@व्याकरणवेडी, खटकू दे, पण चूक म्हणू नका. आमच्या घरी सगळे “ती चादर पसरव जरा” असंच म्हणतात. माझ्या आजीही तसंच म्हणायच्या, आणि त्यांचं मराठी फार चोख होतं.

व्याकरणवेडी

चूक नाही म्हणत. पण एक करून बघा. “देवापुढे पदर पसरवला”, “लोकांपुढे हात पसरवले” असं म्हणून पाहा. जमतं?

अनवट

नाही जमत. तिथे पसरलाच, पसरलेच. मान्य. वाक्प्रचारांनी जुनं रूप जपून ठेवलंय म्हणायचं.

अधलीमधली

हात पसरण्यावरून आठवलं. एका संस्थेच्या मदतीच्या पत्रकाचा मसुदा तपासायला माझ्याकडे आला होता. त्यात होतं, “आम्ही समाजापुढे प्रेमाने हात पसरत आहोत.” लिहिणाऱ्या मुलीला मिठीसाठी उघडलेले बाहू म्हणायचे होते. वाचणाऱ्याला दिसणार होती याचना. आम्ही “हात पुढे करत आहोत” केलं. हात तोच, पण पसरला की मागणं, पुढे केला की मैत्री, उगारला की मार. नंतर बराच वेळ मी तो कागद हातात घेऊन बसले होते. इतक्या जवळच्या शब्दांत इतकं अंतर!

मोरपंखी

आणि मिठीसाठी ‘हात फैलावणे’ चालेल? मला ते हिंदी गाण्यासारखं वाटतं.

अधलीमधली

बाहू पसरले की मिठी, हात पसरले की याचना. बाहू म्हटलं की झालं!

सुटसुटीत

पसायदान म्हणजेही हात पसरून मागितलेलं दान ना? पसा + दान?

जुनं पान

@सुटसुटीत, हा गैरसमज अनेकांचा आहे, म्हणून बरं झालं विचारलंत. पसायदानातला ‘पसाय’ म्हणजे प्रसाद. प्रसादचं प्राकृतात पसाय झालं. पसायदान म्हणजे कृपेचं, प्रसादाचं दान. पसरण्याशी त्याचं नातं नाही. ‘पसाभर’ मधला पसा मात्र तुम्ही म्हणता त्या घरातला. संस्कृत प्रसृति म्हणजे पसरून किंचित खोलगट केलेला तळहात, त्यावरून पसा. ऐकायला दोन्ही सख्खे वाटतात, पण मुळं वेगळी आहेत.

सुटसुटीत

इतकी वर्षं चुकीचं समजत होतो. मनापासून धन्यवाद. प्रसाद म्हणून वाचलं की शेवटच्या ओळी आणखी छान वाटतात.

प्रयोगवही

शाळेत विज्ञान शिकवतो. आमच्याकडे सृचं अख्खं कुटुंब नांदतं. उष्णतेने पदार्थाचं ‘प्रसरण’ होतं. द्रवात आणि वायूत उष्णता ‘अभिसरण’ पावते, रक्ताचंही अभिसरणच. अत्तराची बाटली उघडली की रेणूंचं ‘विसरण’ होतं. मुलांना हा शेवटचा शब्द दिला की दरवर्षी कुणीतरी विचारतंच, “सर, रेणू काय विसरले?”

मी सांगतो की आपलं रोजचं विसरणं हे वि + स्मृ, म्हणजे आठवण जाणे. आणि हे विसरण वि + सृ, म्हणजे सगळीकडे जाणे. दिसायला एक, कूळ वेगळं. हे एकदा सांगितलं की मुलं ती संज्ञा कधीच विसरत नाहीत.

आणखी एक. पांढरा प्रकाश लोलकातून जाऊन सात रंगांत पसरतो, त्याला आम्ही ‘अपस्करण’ म्हणतो. वर्गात मी आधी “रंग सुटे होतात” म्हणतो, मग संज्ञा देतो. सुटं होणं ही पसरण्याची आणखी एक तऱ्हा.

कोरा कागद

@प्रयोगवही, ‘सुटं होणं’ वरून एक सुचलं. गर्दी पांगते, मणी विखुरतात, कागद अस्ताव्यस्त होतात. यात जे एकत्र होतं ते एकत्र राहत नाही. उलट चटई अंथरली, ताणा लावला, पंख उघडले तर वस्तू अखंड राहते, फक्त जागा जास्त घेते. आणि आग, साथ, तण यांच्यात वस्तू मुळातच वाढते. म्हणजे पसरून झाल्यावर त्या वस्तूचं काय होतं, हे विचारलं की शब्द सापडायला मदत होईल. मी मघाशी म्हणालो येऊ दे पाच वेळा, ते थोडं मागे घेतो.

रानवाट

“आग फैलावली, साथ फैलावली” यात वाढण्याचा आणि धास्तीचा भाग आहे, म्हणून बकुळीला ते सोसत नाही. निळाई, तुझा कान बरोबर सांगत होता.

बातमीपुरता

साथीवरून, वर्तमानपत्रात काम करतो म्हणून सांगतो. “साथीचा प्रादुर्भाव सर्वत्र पसरला” असं वाक्य दर पावसाळ्यात माझ्या टेबलावर येतं. प्रादुर्भाव म्हणजे प्रकट होणे, दिसू लागणे. रोगाचा प्रादुर्भाव झाला, मग तो पसरला, असं हवं. प्रादुर्भाव स्वतः पसरत नाही. मी दर वेळी बदलतो आणि बदलत राहीन, कारण पहिला रुग्ण सापडणं आणि रोग पसरणं या वाचकासाठी दोन वेगळ्या बातम्या आहेत.

आणि प्रचार, प्रसार, प्रसारण यांचीही गल्लत होते. मत पटवण्यासाठी करतात तो प्रचार. माहिती किंवा शिक्षण लोकांपर्यंत पोचवतात तो प्रसार. रेडिओ-टीव्हीवरून जातं ते प्रसारण.

मोरपंखी

बोलणं पसरतं त्याला किती शब्द आहेत बघा: पाल्हाळ, लांबण, चऱ्हाट, गुऱ्हाळ, फापटपसारा. बोलणं आवरण्याला इतके शब्द आहेत का?

अनवट

चऱ्हाट म्हणजे जाड दोर. संपता संपत नाही म्हणून. तन् धातूची आठवण झाली. बोलणंही आपण ताणतोच.

जुनं पान

@मोरपंखी, बोलण्याच्या पसरण्याला तर पाणिनीने वेगळा नियम दिलाय! अष्टाध्यायीत ३.३.३३ हे सूत्र आहे, ‘प्रथने वावशब्दे’. वि + स्तृ पासून वस्तूच्या पसरण्याला ‘विस्तार’ होतो, पण पसरणं शब्दांचं असेल तर ‘विस्तर’. कापडाचा विस्तार, बोलण्याचा विस्तर. मराठीत आपण “विस्ताराने सांगितलं” म्हणून दोन्ही एक केले. पण “सविस्तर पत्र लिही” म्हणतो ना, तिथे तो जुना विस्तर अजून जिवंत आहे. पत्र म्हणजे शब्दच. पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मी वर्गात धावत जाऊन फळ्यावर लिहिलं होतं.

व्याकरणवेडी

अंगावर काटा आला. सविस्तर हा शब्द रोज वापरते, कधी थांबून पाहिलाच नव्हता.

वृत्तबद्ध

स्तृचा आणखी एक नातेवाईक: प्रस्तार. छंदःशास्त्रात लघू-गुरूच्या सगळ्या शक्यता क्रमाने मांडण्याला प्रस्तार म्हणतात. तीन अक्षरांचा प्रस्तार केला की आठ रूपं मिळतात, तेच आपले य, र, त, न, भ, ज, स, म हे गण. चार अक्षरांचा केला तर सोळा. शाळेत गण पाठ केले तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं की ते तीन अक्षरं सगळ्या तऱ्हांनी ‘अंथरून’ मिळाले आहेत.

बांधावरून

जुनं पान ताईंनी तन् सांगितला त्यावरून: काकडी-कारल्याच्या वेलाचा जो बारीक दोरा आधार शोधत जातो, त्याला आम्ही तणावा म्हणतो. पुस्तकात त्याला प्रतान म्हणतात. म्हणजे तोही तन्. वेल पसरत नाही नुसता, तणावा टाकत टाकत चढतो. आधार मिळाला नाही तरच जमिनीवर पसरतो.

टिंब

शरीर ताणण्याचं राहिलं. झोपेतून उठल्यावर माणूस आळोखेपिळोखे देतो, आळस देतो. आणि ‘ताणून देतो’ म्हणजे तर चक्क झोपतो! निळाई, सदा उठून बसलाय की अजून ताणून द्यायच्या बेतात आहे?

निळाई

@टिंब, तुम्ही माझी कथाच सोडवताय. सदा रात्रभर जागा आहे. कुणाची तरी वाट पाहतोय. हे त्या वाक्यात यायलाच हवं आणि “पाय पसरून” मुळे नेमकं उलटं वाटत होतं, ऐसपैस, निवांत. वाट पाहणारा माणूस पाय पसरत नाही.

रानवाट

गुडघे पोटाशी घेऊन बसतो.

निळाई

हो! आता इथवर सगळ्यांचं वाचून परिच्छेद पुन्हा लिहिला:

“तांबडं फुटलं. नदीवरचं धुकं अजून जागचं हललं नव्हतं. बकुळ दरवळत होती. सदा गुडघे पोटाशी घेऊन पारावर बसून होता. तेवढ्यात गावात बातमी पसरली.”

एकच ‘पसरली’ ठेवलं, आणि ते शेवटी. आधीची चारही वाक्यं स्थिर आहेत, एकाच जागी थांबलेली. पहिल्यांदा काही हलतं ते बातमी. जुनं पान यांनी सृचा अर्थ सांगितला नसता तर हे सुचलं नसतं. आधी मी तो शब्द घालवायला निघाले होते, आता तोच परिच्छेदाचा कणा झालाय.

कोरा कागद

सुरेख. आता ‘पसरली’ कानाला लागते, कारण ती एकटी आहे.

व्याकरणवेडी

“बकुळ दरवळत होती” विशेष आवडलं. वास हा शब्दही गेला.

बांधावरून

मस्त. फक्त एक विचारतो. पुढे बातमी कळल्यावर सदा उठतो तेव्हा धुक्याचं काय करणार? पांगलं म्हणाल का?

निळाई

तिथेच अडले आहे. पांगलं लिहिलंय सध्या.

बांधावरून

ढग पांगतात, ताई. धुकं विरतं.